सायकलचं काळवंडलेलं अलॉय घरच्या घरी कसं उजळायचं

कुकर लावताना तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटुक नाहीतर पिळून झालेली लिंबाची फोड टाकायची, ही आमच्या घरातली जुनी पद्धत. नाही टाकली तर ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो. का पडतो, हे मला कळलं ते स्वयंपाकघरात नव्हे, सायकल खोलल्यावर.

आमच्या जुळे सोलापुरातल्या बोअरचं पाणी जड आहे. बादली वाळली की कडेला पांढरा थर राहतो. असं पाणी उकळलं की ते अल्कधर्मी होत जातं, आणि ॲल्युमिनियमला अल्कधर्मी काहीच सोसत नाही. सौम्य आंबट मात्र ते बऱ्यापैकी सहन करतं, म्हणून चिंच. चार वर्षांपूर्वी मामेभावाची आठ वर्षं गच्चीच्या जिन्याखाली पडलेली स्पोर्ट्स सायकल मी घेतली, तेव्हा हे ठाऊक नव्हतं. स्टेमवर, म्हणजे हँडल पकडून फ्रेमला जोडणाऱ्या भागावर, पांढरी पूड साठली होती. ती जावी म्हणून मी गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि स्टेम रात्रभर त्यात बुडवून ठेवला. सकाळी तो कोळशासारखा काळा निघाला. पुढचे तीन रविवार त्याला माणसात आणण्यात गेले. या लेखातलं बरंचसं त्या तीन रविवारांत शिकलेलं आहे, आणि उरलेलं मामांकडून. मामा पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर, होते. धातू कसा घासायचा आणि कुठे थांबायचं, हे त्यांच्या हाताला माहीत आहे.

कळकटपणा कशाचा असतो

सायकलच्या दुकानात ‘अलॉय’ म्हटलं की ॲल्युमिनियमचा मिश्रधातू समजायचा. 6061 हा नेहमीचा, त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं. महागड्या क्रँकमध्ये (पायडल ज्याला जोडतात तो दांडा) आणि चेनव्हीलमध्ये (साखळीचं पुढचं दातेरी चक्र) 7075 सापडतो, त्यात जस्त आणि थोडं तांबं. ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो काही नॅनोमीटर जाडीचा, दिसतही नाही, आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज जसा आत आत खात जातो तसं इथे होत नाही.

मग खराब कशानं होतं? मुख्यतः तीन गोष्टींनी. पहिली घाम. घामातलं मीठ तो पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं आणि तिथे बारीक खड्डे पडतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा हँडलवर आणि स्टेमवर किती घाम ठिबकतो याचा विचार करा. दुसरी गोष्ट वाळलेलं जड पाणी. तिसरी, स्टीलचा बोल्ट किंवा स्टीलची फ्रेम अलॉयला चिकटून असणं. दोन वेगळे धातू आणि मधे ओलावा असला की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते अलॉय. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, फ्रेममध्ये जाम होतो तो यामुळेच.

कापड लावण्याआधी ओळख पटवा

हा भाग सावकाश वाचा. मी आजवर पाहिलेली जवळपास सगळी नासधूस इथे घाई केल्यानं झालेली आहे. चमकणारा भाग चार प्रकारचा असू शकतो: स्टीलवर क्रोम, उघडं पॉलिश केलेलं अलॉय, पारदर्शक वॉर्निश मारलेलं अलॉय, आणि ॲनोडाइज केलेलं, म्हणजे विजेनं जाड ऑक्साइडचा थर आणलेलं अलॉय. चारही लांबून सारखेच दिसतात. चौघांचा इलाज वेगळा.

आधी चुंबक लावा. फ्रिजवरचा चालेल. चिकटला तर ते स्टील, बहुधा क्रोमचं. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींवर जे चमकतं ते जवळपास सगळं हेच. म्हणून जुन्या हाताचे मिस्त्री अलॉयलाही स्टीलसारखं वागवतात. त्यांच्या उमेदीच्या काळात अलॉय फारसं हाताखालून गेलेलंच नसतं.

चुंबक चिकटला नाही तर न दिसणाऱ्या जागी, म्हणजे स्टेमच्या खालच्या बाजूला किंवा क्रँकच्या आतल्या अंगाला, पांढऱ्या कापडावर हरभऱ्याएवढं मेटल पॉलिश घेऊन अर्धा मिनिट चोळा. कापड लगेच काळंकुट्ट झालं तर धातू उघडा आहे. तो काळा रंग मळाचा नसतो, धातूच्याच बारीक कणांचा असतो. कितीही स्वच्छ ॲल्युमिनियम घासलं तरी कापड काळं होतच राहणार, तेव्हा ‘अजून मळ निघतोय’ म्हणून तासन्‌तास घासत बसू नका.

कापड पांढरंच राहिलं तर वर काहीतरी थर आहे: वॉर्निश किंवा ॲनोडाइज. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घ्या. नखांचं पॉलिश काढायचं रिमूव्हर चालेल, फक्त त्यात ॲसिटोन आहे ना ते बाटलीवर बघून घ्या. ते एका ठिकाणी धरून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याचे धागे अडकले, तर वॉर्निश. काहीच झालं नाही तर बहुधा ॲनोडाइज. काही भट्टीत भाजलेली वॉर्निशं ॲसिटोनला दाद देत नाहीत. ती कडेला पापुद्र्यासारखी सुटलेली किंवा पिवळी पडलेली दिसतात, त्यावरून ओळखायची.

घरात मल्टिमीटर असेल तर तो ‘बीप’वर ठेवून दोन्ही टोकं हलकेच टेकवून पाहा. उघडं अलॉय वीज वाहून नेतं, मीटर वाजतो. ॲनोडाइजचा थर वीज वाहू देत नाही. टोकं जोरात दाबली तर ती थर फोडून आत जातात आणि फसगत होते.

ॲनोडाइज म्हणजे वर मारलेला रंग नव्हे. विजेच्या साहाय्यानं धातूच्याच पृष्ठभागाचा केलेला जाड ऑक्साइड असतो तो. काही मायक्रॉन जाडीचा, पण कुरुंद ज्या पदार्थाचा बनतो त्याच पदार्थाचा, म्हणून फार कठीण. तो चांगल्या स्थितीत असेल तर तुमच्या सायकलला मिळालेलं ते कवच आहे, आणि ते घरी परत चढवता येत नाही. एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलेल्या माझ्या क्रँकवर तारेची घासणी फिरवली गेली. मूळचा मखमली करडा रंग पट्ट्यापट्ट्यांनी गेला तो गेलाच.

सामान

सोलापूरकरांची यात एक मोठी सोय आहे. पॉवरलूमचं शहर असल्यामुळे सुती वेस्ट (सुताचा टाकाऊ गुंता) आणि टेरी टॉवेलच्या कापणीतल्या पट्ट्या सहज मिळतात. पूर्व भागात कुणी ओळखीचं असेल तर एक पिशवी मागून ठेवा. पॉलिश लावायला टॉवेलचा तुकडा उत्तम, कारण त्याच्या फासांत पॉलिश धरून राहतं. शेवटची चकाकी आणायला मात्र वापरून मऊ झालेलं धोतर किंवा बनियन. नवं कापड घेऊ नका, त्यातली खळ ओरखडे पाडते. शिलाईची जाड कडही कापून टाका.

बाकी यादी फार मोठी नाही. भांडी धुण्याचं लिक्विड, जुने टूथब्रश, गॅरेजवाले वापरतात तो डिग्रीझर किंवा थोडं डिझेल (पेट्रोल नको, भडका उडतो), गंजलेले सांधे सोडवायचं स्प्रे तेल, ग्रीस, मेटल पॉलिशची ट्यूब किंवा डबी, गाडीला लावायचं कार्नोबा मेण, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. आणि पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर. हार्डवेअरच्या दुकानात ‘वॉटर पेपर’ म्हणून मागायचा. 400, 600, 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरचा एकेक ताव पुरतो. आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक.

तारेची घासणी, स्टील वूल आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर दूर ठेवा. स्टीलचे सूक्ष्म तुकडे मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात तिथेच तांबूस ठिपके उमटतात. हिरव्या स्क्रबरमध्ये घासणारी खडी असते, तिचे ओरखडे काढायला पुन्हा 600पासून सुरुवात करावी लागते.

खोलणं

भाग सायकलवर असतानाच घासायचा मोह होतो. वरवरच्या उजाळ्याला ते चालतं, पण नीट काम हवं असेल तर सुटा केलेलाच बरा. खोलण्याआधी मोबाइलवर प्रत्येक सांध्याचे दोन बाजूंनी फोटो काढा. वॉशर कुठल्या क्रमानं होते हे तीन आठवड्यांनी आठवत नाही.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवा पायडल नेहमीसारखा डावीकडे फिरवून सुटतो, डावा घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. बहुतेक पायडलना 15 मिमीचा पाना लागतो. अलॉय क्रँक काढायला क्रँक पुलर हवा. हातोडीनं ठोकून काढायचा प्रयत्न करू नका, आतले आटे गेले की क्रँकच बाद. पुलर विकत घ्यायचा नसेल तर जवळच्या मिस्त्रीकडून क्रँक नुसते सैल करून आणा आणि सायकल हातानं ढकलत घरी आणा. सैल क्रँकवर चालवली तर क्रँकचं आसावर बसणारं चौकोनी भोक गोल होऊन बसतं.

सीटपोस्ट जाम असेल तर खालून-वरून स्प्रे तेल सोडून एक-दोन दिवस विसरून जा. मग सीट धरून डावी-उजवीकडे पिळा. जोर ओढण्यात नाही, पिळण्यात लावायचा.

हँडलची मूठ किंवा पट्टी काढल्यावर खालचा धातू उजेडात नीट पाहा. तिथे वर्षानुवर्षं घाम मुरलेला असतो. पूड पुसल्यावर खोल खड्डे दिसले, नखाला अडकणारी रेघ दिसली, किंवा हँडल किंचितही वाकलेलं असलं, तर ते चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका. ते भंगारात जाऊ द्या. अलॉय वाकण्याची सूचना न देता तुटतं. क्रँकचंही तसंच. पायडलच्या भोकाभोवती आणि चेनव्हीलच्या बाहूंच्या मुळाशी केसासारखी भेग असू शकते. मळ निघाल्यावर ती दिसते, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपाचा सर्वात मोठा फायदा तोच आहे.

धुणं, आणि इथेच थांबता येतं का ते पाहणं

आधी डिग्रीझर किंवा डिझेलनं ग्रीस काढा, मग कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकून टूथब्रशनं धुवा. भांड्याचा बार किंवा पावडर नको. त्यात सोडा असतो आणि खडीही. धुतल्यावर लगेच कोरडं करा. सोलापुरात हा नियम अर्ध्या कामाइतका महत्त्वाचा आहे. बोअरचं पाणी अलॉयवर वाळू दिलं की मघाशी घालवलेले पांढरे डाग परत. शेवटचं पाणी आरओ मशीनचं किंवा साठवलेलं पावसाचं असेल तर फारच छान.

पांढऱ्या डागांवर लिंबाची फोड फिरवा, दोन मिनिटं थांबा, भरपूर पाण्यानं धुवा आणि पुसा. क्षाराचे डाग त्यात विरघळतात. लिंबाचा रस तासभर ठेवून जेवायला जाऊ नका, चिंचेचा कोळही नको. पितळेच्या समईला चालणारी प्रत्येक युक्ती इथे चालत नाही.

मग भाग खिडकीत धरून पाहा. माझ्या सायकलच्या निम्म्या भागांना एवढंच पुरलं होतं. ॲनोडाइज केलेल्या भागांना तर यापुढे फक्त मेण लावायचं. थोडा मळ उरलाच तर सौम्य, बिनखडीचं कार पॉलिश हातानं लावून पुसा आणि सोडून द्या.

वॉर्निश उतरवणं

पिवळं पडलेलं, फुगलेलं वॉर्निश अर्धंमुर्धं ठेवता येत नाही. सुटलेल्या कडेतून पाणी आत शिरतं आणि त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा पसरत जातात. ॲसिटोननं निघत असेल तर कापडाची पट्टी भिजवून भागावर गुंडाळा, वरून प्लॅस्टिकची पिशवी, दहा मिनिटांनी पुसा. चिवट असेल तर रंगाच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर ब्रशनं लावा, पापुद्रा सुरकुतला की लाकडी पट्टीनं खरवडा. लोखंडी पत्रा किंवा सुरी वापरू नका. दोन्ही द्रवांची वाफ वाईट आणि ॲसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून काम गच्चीवर, हातमोजे घालून, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब.

ॲनोडाइज खरंच काढायचं आहे का

माझं मत स्पष्ट आहे: थर धड असेल तर काढू नये. पण काही वेळा तो इतका उडालेला असतो की भाग चट्ट्यापट्ट्याचा दिसतो. तेव्हा कॉस्टिक सोडा वापरतात. तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तोच. हा पदार्थ कातडी आणि डोळे जाळतो. लहान मुलं घरात असताना हे काम करू नका.

प्लॅस्टिकच्या बादलीत, उघड्यावर, एक लिटर गार पाण्यात साधारण 50 ग्रॅम कॉस्टिक सोडा हळूहळू टाका. आधी पाणी, मग सोडा. उलट केलं तर ते उकळून अंगावर उडतं. ॲल्युमिनियमचं भांडं अर्थातच नाही, ते विरघळायला लागेल. हातमोजे लांब, चष्मा बंद बाजूंचा, पायात बूट. सुटा भाग तारेला बांधून बुडवा. एखाद-दोन मिनिटांनी काढा, पाण्यात खळबळा, पाहा. बुडबुडे म्हणजे हायड्रोजन, तो पेट घेणारा वायू आहे. जवळ विडी-काडी नको. थर गेला की बुडबुडे एकदम वाढतात, त्या क्षणी बाहेर काढायचं. जास्त ठेवलं तर धातूच खाल्ला जातो. उन्हाळ्याच्या दुपारी ही क्रिया भराभर चालते, म्हणून सकाळी सातला करा.

बेअरिंग आत असलेला हब (चाकाच्या मधोमधचा भाग), आट्यांचे भाग, क्रँकचं चौकोनी भोक यांना हे पाणी लागू देऊ नका. भाग बाहेर आल्यावर काळपट दिसला तर घाबरू नका, 7075 हमखास काळा निघतो. मिश्रणातले इतर धातू वर राहिलेले असतात आणि ते पुढच्या घासण्यात जातात. माझ्या स्टेमचं झालं होतं तेही हेच, सोडा फक्त दुसरा होता. चुकून थेंब उडाला तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर तेवढाच वेळ धुवा आणि थेट डॉक्टरांकडे. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तेव्हा भरलेलं पिंप शेजारी असल्याशिवाय सुरुवातच करू नका. उरलेलं द्रावण भरपूर पाणी घालून मोरीत सोडा, झाडांना नको.

घासणं

आता मामांचा प्रांत. उघड्या अलॉयवर ओरखडे आणि खड्डे असतील तरच पेपर लागतो. नुसतं मंद पडलेलं असेल तर थेट पॉलिशवर जा.

सुरुवात कुठल्या नंबरपासून? जो सर्वात बारीक पेपर तो ओरखडा दहा-पंधरा मिनिटांत काढू शकेल, तिथून. आधी 800 लावून पाहा. नाही हलला तर 600. चारशेवर उतरायची पाळी क्वचित यावी. मामा एकदा गच्चीवर येऊन माझं काम बघत उभे राहिले आणि म्हणाले, “अगं पोरी, गोल गोल काय फिरवतेस? एका नंबरला एकच दिशा धर. पुढचा नंबर आडवा मार. आधीच्या रेघा पुसल्या की नाही, तुझं तुलाच दिसेल.” याहून चांगला नियम मला कुठे सापडला नाही. 600 लांबीच्या दिशेनं, 800 आडवा, 1000 पुन्हा लांबीनं. आधीच्या नंबरची एकही रेघ उरली असेल तर पुढे जायचं नाही. 2000वर पोचल्यावर 600ची रेघ आरशात दिसावी तशी दिसते, आणि मग मागे फिरण्यावाचून इलाज नसतो.

पेपर पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पाण्यात दोन थेंब लिक्विड टाका. ओलं घासल्यानं पेपर भरत नाही आणि ॲल्युमिनियमची धूळ नाकात जात नाही. सपाट जागेसाठी पेपर खोडरबराभोवती गुंडाळा, गोलाईला बोटानंच. नंबर बदलताना भाग, हात आणि पाणी तिन्ही बदला. जाड पेपरचा एक कण बारीक पेपरखाली आला की तासाभराचं काम वाया.

कुठे घासायचं नाही तेही सांगते. स्टेम हँडलला जिथे पकडतो ती जागा, सीटपोस्ट फ्रेमच्या आत जातो तो भाग, क्रँकचं चौकोनी भोक, सगळे आटे. तिथली मापं ठरलेली असतात. कोरलेलं नाव टिकवायचं असेल तर त्यावर 1000च्या खालचा पेपर नको. छापलेलं नाव जाणारच. आणि खोल खड्डे पूर्ण निघेपर्यंत घासायचा अट्टहास सोडा. स्टेमवर मी तीन खड्डे तसेच ठेवले. त्यांच्यासाठी भोवतालचा सगळा धातू खाली आणण्यात अर्थ नव्हता.

2000 झाल्यावर भाग धुऊन कोरडा करा. तो आता मंद, दुधाळ दिसेल. टॉवेलच्या तुकड्यावर थोडं पॉलिश, तळहाताएवढी जागा, घट्ट दाबून दोन-तीन मिनिटं. काळा लेप वाळायच्या आत दुसऱ्या कापडानं पुसा. उन्हात करू नका, पॉलिश लावता लावता वाळतं. मग तिसरं, स्वच्छ, मऊ कापड. हा फेरा दोन-तीनदा. एका क्रँकला माझे दीड ते दोन तास जातात, आणि दुसऱ्या दिवशी मनगट दुखतं.

ड्रिलला कापडी बफ लावून काम लवकर होतं, पण कडा गोल होतात आणि भाग तापतो. लोखंड घासायच्या ग्राइंडरवर अलॉय कधीच धरू नका. ॲल्युमिनियम त्या दगडाच्या छिद्रांत भरतं, दगड तापतो आणि फुटू शकतो. शिवाय लोखंडाच्या ठिणग्या आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र येणं हे आगीला आमंत्रण आहे. बफिंगवाल्याकडे द्यायचं ठरवलंत तर आटे आणि भोकं चिकटपट्टीनं झाकून द्या आणि ‘हलका हात’ एवढं आवर्जून सांगा.

रिम आणि हब

रिम ब्रेकची सायकल असेल तर रिमच्या ज्या पट्ट्यावर ब्रेकचं रबर घासतं, त्या पट्ट्याला पॉलिश किंवा मेण अजिबात लावायचं नाही. बोटभर लागलं तरी ब्रेक घसरतो. डिस्क ब्रेकच्या चकतीलाही तेच. तो पट्टा धुऊन, पेन्सिलच्या खोडरबरानं घासून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला की झालं. त्याच वेळी ब्रेकच्या रबरात रुतलेले चमकदार अलॉयचे कण टोकदार पिननं काढा. करडा मळ आणि चरे पाडतात ते हेच. पट्ट्यावर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला असेल, किंवा पट्टा बोटाला खोलगट लागत असेल, तर रिम बदला.

उरलेली रिम स्पोकच्या मधून एकेक खण करत पॉलिश करायची. हबला टॉवेलची बोटभर रुंद पट्टी स्पोकमधून ओवून दोन्ही टोकं धरायची आणि जोड्याला पॉलिश करतात तशी पुढे-मागे ओढायची. आपल्या जुन्या सायकलींच्या हबवर ब्रशाचं रंगीत कडं फिरत असायचं, ते नुसतं शोभेला नव्हतं. चाक फिरेल तसा हब आपोआप पुसला जायचा. मी दोन्ही हबांवर ती कडी परत घातली आहेत.

क्रोम निघालं तर

चुंबक चिकटलेल्या भागांना पेपर लावू नका, क्रोमचा थर फार पातळ असतो. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून पाण्यात बुडवा आणि गंजावर हलकेच फिरवा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडा न पाडता गंज उचलते. क्रोम सोलून खालचं लोखंड उघडं पडलं असेल तर तेवढी जागा तेलकट ठेवणं इतकंच हातात असतं.

मेण, जोडणी

पॉलिश केलेलं उघडं अलॉय तसंच सोडलं तर महिन्याभरात मंद होतं. काही जण वरून पारदर्शक लॅकरचा स्प्रे मारतात. मी एका स्टेमवर मारून पाहिला. पहिलं वर्ष झकास, मग बोल्टच्या कडेनं तो सुटला आणि सगळा उतरवून पुन्हा घासावं लागलं. तेव्हापासून मेणच. ॲसिटोननं पुसून पॉलिशचा तेलकटपणा काढा, मेणाचा अगदी पातळ हात द्या, धुरकट झालं की पुसा, तासाभरानं दुसरा हात.

जोडताना जिथे अलॉय आणि स्टील भेटतात तिथे ग्रीस: सीटपोस्टला, पायडलच्या आट्यांना, स्टेमच्या बोल्टना. हँडल जिथे पकडलं जातं ती जागा मात्र कोरडी. टॉर्क पाना (किती जोरानं कसलं ते दाखवणारा) मिळाला तर पायडल आणि चौकोनी भोकाचे क्रँक 35 ते 40 न्यूटन-मीटरला कसा. स्टेमच्या छोट्या बोल्टना साधारण 5 ते 6 लागतात; स्टेमवर आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. पहिल्या मोठ्या फेरीनंतर क्रँकचे बोल्ट पुन्हा तपासा, थोडे सैल झालेले असतात. मी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन आले आणि घरी येताच पाना लावला. डावा क्रँक खरोखरच पाव फेरा फिरला.

त्यानंतरची निगा अशी. उन्हाळ्यात फेरीवरून आलं की ओल्या फडक्यानं स्टेम, हँडल आणि वरची नळी पुसायची, लगेच कोरड्या फडक्यानं. घाम दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा नाही. पावसाळ्यात चिखल वाळू द्यायचा नाही. मूठ किंवा पट्टी वर्षातून एकदा काढून खालचा धातू बघायचा. मी ते गड्ड्याची जत्रा उरकली की जानेवारीतच करते. मेण तीन महिन्यांनी, आणि त्याची खूण सोपी आहे: पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे न राहता पसरायला लागले की डबी काढायची.